टँकच्या तोंडाशी

रितिका नंदनवारने एव्हिऑनिक्स घ्यायचं ठरवलं, त्याचं खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

विमान दुरुस्तीच्या कॉलेजातलं तिचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. पहिल्या वर्षाचे विषय सगळ्यांना सारखेच. दुसऱ्या वर्षाआधी मात्र फॉर्म भरून द्यावा लागे, की लायसन्स कोणतं काढणार? मेकॅनिकल घेतलं तर इंजिन, चाकं, ब्रेक, पंख, तेलाच्या नळ्या. एव्हिऑनिक्स घेतलं तर तारा, रेडिओ, रडार, कॉकपिटमधले सगळे स्क्रीन. एकदा ठरलं की पुढची चार-पाच वर्षं त्याच परीक्षा, तोच अनुभव, आणि शेवटी विमान उडायला सोडताना कागदावर त्याच कामाची सही. फॉर्म एकतीस मेपर्यंत द्यायचा होता.

रितिका मेकॅनिकलच घेणार असं घरी सगळे धरून चालले होते. तिच्या आजोबांचा तांडापेठेत हातमाग होता. वडील रुपराव वीस वर्षं पॉवरलूमवर फिटर होते, आणि लूम बंद पडल्यावर त्यांनी गल्लीच्या तोंडाशी कूलर-पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. सातवीत असल्यापासून रितिका त्या दुकानात बसायची. मोटारीला नुसता हात लावून बेअरिंग गेलंय की नाही हे तिला कळायचं. विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये पहिल्यांदा उघडलेलं इंजिन पाहिलं त्या दिवशी तर ती डबा खायचा विसरली होती.

पण त्याच हँगरमध्ये, त्याच आठवड्यात, तिने दुसरंही काही पाहिलं.

कॉलेजने मे महिन्यात चार आठवड्यांच्या प्रॅक्टिकलला पाठवलं होतं. हँगर लहानसं, दोन विमानं कशीबशी मावतील एवढं. एका विमानाच्या पंखाखाली उंच स्टुलावर एक मेकॅनिक उभा होता. त्याच्या डोक्यावर, पंखाच्या पोटाला, एक लंबगोल भोक होतं. जेवायच्या ताटापेक्षा थोडंसं लांबट, बस. मेकॅनिकने दोन्ही हात वर करून आत घातले, मग डोकं, मग एक खांदा तिरका करून आणि मग दुसरा. कंबरेपर्यंत तो आत गेला. पाय क्षणभर खाली लोंबकळले आणि तेही वर ओढले गेले. पंखाने माणूस गिळला.

शेजारच्या कोणीतरी सांगितलं, विमानाचं इंधन पंखातच असतं. पंख म्हणजे आतून टाकीच. गळती शोधायला, काही बदलायला माणसाला आत शिरावं लागतं. आत बसता येत नाही, वळता येत नाही. जसं गेलं तसंच उलटं सरकत बाहेर यायचं.

 रितिका बाथरूमपर्यंत कशी पोहोचली तिला कळलं नाही. तिथे तिला उलटी झाली. चेहरा धुऊन ती परत आली तेव्हा त्या भोकातून एक पाय बाहेर येत होता, आणि तिने मान फिरवली.

ही भीती तिला कधीपासून होती ते तिला सांगता आलं नसतं. लहानपणी कुठे कोंडली गेली होती असंही काही नव्हतं. लिफ्ट असली तरी ती जिन्याने जायची. कुर्ता डोक्यावरून काढताना गळ्याशी अडकला की तिचा श्वास थांबायचा, म्हणून ती मोठ्या गळ्याचेच कुर्ते शिवायची. हे सगळं इतकं बारीकसारीक होतं की त्याला भीती म्हणायची वेळच आली नव्हती.

त्या संध्याकाळी ती दुकानात गेली. रुपराव कूलरच्या पंपाची जाळी घासत होते.

"बाबा, मी एव्हिऑनिक्स घेऊन राहिली."

त्यांनी मान वर केली. "काहून?"

"पुढं सगळं इलेक्ट्रॉनिकच होणार आहे म्हणतात. काम पण साफ राहते."

"साफ काम तुले कधीपासून आवडाले लागलं वं?"

 रुपरावांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग परत जाळी घासायला घेतली. "पाह्य बाप्पा. शिकणारी तू," एवढंच ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजातला उत्साह गेला होता, आणि तिला ते लागलं.

फॉर्मवर तिने पेन्सिलीने एव्हिऑनिक्ससमोर खूण करून ठेवली.

*

दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून एव्हिऑनिक्सच्या टेबलावर बदली मागून घेतली. तिथे वंदना भोयर मॅडम होत्या. मूळच्या पारशिवनीकडच्या, पन्नाशीच्या, लायसन्स असलेल्या इंजिनियर. चष्मा दोरीने गळ्यात. कोणी काही सांगायला लागलं की "सांगू नको, दाखव," असं म्हणायची त्यांची सवय. त्यांच्या हाताखाली प्रेमानंद नावाचा टेक्निशियन होता. खाप्याचा, तीस-एकतीसचा, अंगाने काडीसारखा. एव्हिऑनिक्सच्या लायसन्सचे त्याचे दोनच पेपर राहिले होते. रितिकाला तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "मले सर नको म्हणू. दादा म्हण."

तारांचे जुडगे सोडवणं, त्यांच्यावरचे बारीक नंबर वाचणं, मीटर लावून पाहणं हे काम वाईट नव्हतं. पलीकडे इंजिनाच्या स्टँडवरून पाने आपटल्याचा आवाज आला की तिची नजर तिकडे जायची, तेवढंच. पण इथे आपण सुरक्षित आहोत, असं तिला वाटत होतं.

बुधवारी दुपारी मॅडमनी एका विमानाचं रिपोर्ट-बुक उघडून दाखवलं. डाव्या पंखातल्या इंधनाचा आकडा कॉकपिटमध्ये मधेच नाचत होता.

"प्रोब गेला असंल," प्रेमानंद म्हणाला.

"हो. उद्या सकाळी सहाले करू, ऊन चढायच्या आधी," मॅडम म्हणाल्या. "पॅनल उघडून, रात्रभर हवेचा ब्लोअर लावून ठेवा म्हणावं मेकॅनिकलवाल्यांना. तू जाशील नं आत?"

"जातो नं."

रितिकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम, टँकमध्ये तर मेकॅनिकलवाले जातात नं?"

"झाकण ते उघडतात. गळती ते पाहतात. पण इंधन मोजणारा प्रोब कोणाचा? आपला. तो पंखाच्या आत आहे, मग कोण जाईल?" मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोणी सांगितलं तुले, एव्हिऑनिक्सवाले टँकमध्ये जात नाहीत म्हणून?"

कोणीच सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच ठरवलं होतं. तिने हसल्यासारखं केलं. 

त्याच दुपारी मॅडमनी तिला टँकच्या कामाचे नियम शिकवले. आत जाणाऱ्याच्या अंगावर फक्त सुती कपडे. मोबाईल, घड्याळ, चेन काही नाही. हवा मीटरने मोजून मगच आत. आणि भोकापाशी बाहेर एक माणूस कायम बसलेला. त्याने दर दोन मिनिटांनी हाक मारायची, आतल्याने दोनदा ठोकून उत्तर द्यायचं.

"आणि उत्तर आलं नाही तर?" रितिकाने विचारलं.

"खांबावरचं लाल बटण दाबायचं. बस. आत डोकं घालायचं नाही, हातही घालायचा नाही. आत पडलेल्याले काढाले जो घुसते, तो दुसरा मुडदा. आतली हवा खराब झाली तर ती दिसत नाही. बाहेरच्याचं काम एकच, बोंबलायचं."

*

गुरुवारी सकाळी सहालाच हँगरचा पत्रा तापायला लागला होता. विमानाभोवती पिवळी दोरी बांधली होती. ब्लोअरची जाड नळी एका भोकातून पंखात गेली होती, आणि सगळीकडे रॉकेलसारखा वास होता. मॅडमनी यादी वाचली. हवेचं माप झालं. मास्क झाला.

"नाश्ता केला का, प्रेमानंद?"

"हो मॅडम."

तो खोटं बोलला होता. गुरुवारी तो महाराजांचा उपास करत असे, आणि आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात काही नव्हतं. हे नंतर कळलं.

बाहेर बसायचं काम मॅडमनी स्वतःकडे घेतलं. रितिकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि हातात रजिस्टर दिलं, हाक मारल्याची आणि उत्तराची वेळ लिहायला. प्रेमानंदने तिच्याकडे पाहून डोळा मिचकावला, हात वर केले, आणि त्या मेकॅनिकसारखाच, हात, डोकं, तिरका खांदा, कंबर, पाय, असा आत गेला.

रितिकाने रजिस्टरकडेच पाहायचं ठरवलं होतं. सहा पंचेचाळीस, हाक, उत्तर. सहा सत्तेचाळीस, हाक, उत्तर. प्रत्येक वेळी वरून टक टक असा आवाज यायचा आणि ती वेळ लिहायची. तो दोन कप्पे पलीकडे होता. पंखाच्या आत एकामागून एक आडव्या भिंती असतात, आणि प्रत्येक भिंतीत असंच एक भोक. त्यातून सरकत तो पुढे गेला होता.

सात वाजून दहा मिनिटांनी आतून त्याचा आवाज आला. मास्कमुळे जाड, घुमल्यासारखा. "मॅडम, इथं दोन तारा आहेत. नंबर पुसला. कोणती पहिले सोडू?"

मॅडमनी खिशातला कागद पाहिला. त्यात ते नव्हतं. दुरुस्तीचं पुस्तक दोरीच्या पलीकडे टेबलावर होतं, वीसेक पावलांवर.

"थांब. काहीच सोडू नको," त्या ओरडल्या. मग रितिकाला म्हणाल्या, "दोन मिनिटं. इथून हलू नको. आवाज देत राहा."

आणि त्या गेल्या.

आता त्या भोकाखाली रितिका एकटी होती. स्टुलावर चढायची गरज नव्हती, पण हाक आत पोहोचावी म्हणून ती दोन पायऱ्या चढली. भोक तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आलं. आत काळोख, आणि त्यात लांब कुठेतरी बॅटरीचा पिवळट उजेड. वास घशात उतरत होता. तिने तोंड बाजूला करून हाक मारली. "प्रेमानंददादा!"

टक.

एकदाच. तिने सात बारा लिहिलं आणि पुढे 'उत्तर' लिहिलं. एकदा ठोकलं म्हणजे उत्तरच नं? ती टेबलाकडे पाहत राहिली. मॅडम पानं उलटत होत्या. ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू जाणार नाही इतक्या त्या लांब होत्या, असं तिला वाटलं. खरं तर तेवढ्या लांब नव्हत्या.

सात चौदा. "दादा!"

काही नाही.

"दादा! ठोका नं!"

आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. कापड पत्र्यावरून ओढल्यासारखा. मग पुन्हा. तो मागे सरकत येत होता. मग आवाज थांबला, आणि रितिकाने नको असतानाही आत पाहिलं.

आतल्या पहिल्या भिंतीच्या भोकाच्या कडेवर चार बोटं होती. पांढरा सुती हातमोजा, त्यावर काळे डाग. तो कसा कोण जाणे उलटा वळला होता, किंवा एक हात मागे टाकला होता. डोकं दिसत नव्हतं. बोटं कडेला धरायचा प्रयत्न करत होती आणि निसटत होती.

"रितिका," आवाज आला. "हात... दे..."

ते अंतर तिला आजही माहीत आहे. डोकं आणि एक खांदा आत घातला असता तर तिचा हात त्या बोटांना लागला असता.

ती मागे सरकली. पायरी चुकली, दुसऱ्या पायरीवर पाय पडला, ती जमिनीवर आली आणि तरी मागेच सरकत राहिली. तिच्या गळ्यात शिट्टी होती, ती तिला आठवली नाही. बटण आठवलं नाही. नियम आठवला नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मी तिथे जाणार नाही, मी तिथे जाणार नाही, आणि वरून अजून घासल्याचा आवाज येत होता. तिची पाठ अवजारांच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीवरचा लोखंडी डबा खाली पडला, आणि त्या आवाजाने ती भानावर आल्यासारखी वळली. समोर खांब होता. लाल बटण होतं.

भोंगा वाजला. त्यानंतर सगळं लोकांनी केलं. मॅडम पुस्तक टाकून धावत आल्या. दोन मेकॅनिक आले, एकाने मीटर आत धरून हवा पाहिली, दुसरा हवेच्या नळीचा मास्क चढवून पलीकडच्या भोकातून आत शिरला. मॅडम सारख्या बोलत होत्या, "प्रेमानंद, येऊन राहिले बघ, येऊन राहिले." आतून उत्तर येत नव्हतं. रितिका खांबाला धरून उभी होती. बऱ्याच वेळाने आधी त्याचे पाय बाहेर आले, मग बाकीचा तो, ओला आणि राखेच्या रंगाचा.

*

दवाखान्यात दहा वाजायच्या आत तो शुद्धीवर आला. हवा खराब झालेली नव्हती. उपाशी पोट, उकाडा, आणि साखर खाली गेलेली. दोन दिवस ठेवून सोडतील असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनी सगळ्यांना एकत्र उभं केलं. आधी उपासाबद्दल बोलले, मग रितिकाला पुढे बोलावलं.

"ही ट्रेनी आहे. एक वर्ष झालंय फक्त. समोर माणूस मदत मागतोय, आणि तरी आत धावली नाही. नियम पाळला, बटण दाबलं. मोठ्या मोठ्यांना हे जमत नाही."

टाळ्या वाजल्या. एका मेकॅनिकने तिच्या पाठीवर थाप मारली. रितिका मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मॅडम मात्र टाळ्या थांबायच्या आधीच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "जागा मी सोडली. पोरीले एकटीले बसवलं. ते पण लिहा." मॅनेजरनी मान हलवली. ते लिहिलं गेलं.

घरी मॅनेजरनी फोन केलेला होताच. त्या संध्याकाळी रितिका पोहोचली तेव्हा रुपराव दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "माणूस वाचवला पोट्टीनं." गिऱ्हाइकाने हात जोडले. ती न थांबता घरी गेली. जेवायला बसली ती अर्ध्या ताटावरून उठली. आईने विचारलं तर उकाड्यावर ढकललं.

तिला सगळ्यात जास्त छळत होतं ते एक. बटण दाबायच्या आधी तिने किती वेळ घालवला? तिच्या हिशोबाने पाच मिनिटं, दहा मिनिटं. शुक्रवारी दुपारीच तिने हळूच रजिस्टर काढलं होतं. तिच्याच अक्षरात होतं, सात चौदा, हाक, उत्तर नाही. हे तिने कधी लिहिलं तिला आठवत नव्हतं. सिक्युरिटीच्या वहीत भोंग्याची वेळ होती सात पंधरा.

एक मिनिट. फार तर एक मिनिट. तिने दोन्ही वह्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि बसला असता तरी काय झालं असतं? एका मिनिटात ती बटणाकडे धावली नव्हती. ती पळाली होती, आणि बटण वाटेत आलं होतं.

शनिवारी ती मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मॅडम एका जुडग्याला दोरा बांधत होत्या.

"मॅडम, मी नियम पाळला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नियम आठवलाच नाही मले. मी भ्यायली. मले तसल्या जागेची भीती वाटते, आधीपासून. म्हणूनच मी एव्हिऑनिक्स घेऊन राहिली होती. टँकमध्ये जावं लागणार नाही म्हणून. आणि नियम उलटा असता, आत जाऊन ओढा असा, तरी मी गेली नसती."

एवढं बोलून ती थांबली. मॅडमनी दोरा खाली ठेवला. त्या रागावतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"कॉलेजनं भरून घेतलेल्या फिटनेसच्या कागदावर काय लिहिलं होतं तू? बंद जागेचा त्रास?"

"नाही, असं लिहिलं."

"आणि प्रेमानंदनं नाश्ता केला म्हणून सांगितलं. आणि मी दोन मिनिटात येते म्हटलं." मॅडमनी तीन बोटं वर केली. "भीती आहे असं सांगणाऱ्याचं नाव मी यादीतून काढू शकते. लपवणाऱ्याचं काय करू? तुझी त्या दिवशी पाळी असती आत जायची, तर? आत गेल्यावर आठवलं असतं तुले?"

 हा विचार रितिकाने केलाच नव्हता.

"आता काय करू मी?"

"पहिले तो कागद दुरुस्त कर. मग डॉक्टरले भेट. हे कमी होते बरेचदा, नाही पण होत. एखादी कंपनी म्हणंल नको आम्हाला. एखादी म्हणंल दुसरा जाईल आत. आता मी काय सांगू?" त्यांनी चष्मा काढला. "आणि लायसन्सचं म्हणशील, तर टँक दोन्हीकडे आहे. त्याच्यावरून काही ठरत नाही. तुले आवडते काय?"

"इंजिन," ती म्हणाली. इतक्या पटकन की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"तरी माझ्या टेबलावर येऊन बसली."

"मेकॅनिकलवाले तर जास्त जातात टँकमध्ये, मॅडम."

"जातात," मॅडम म्हणाल्या, आणि दोरा परत उचलला. थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "मले सहीची भीती वाटते. एकवीस वर्षं झाली. सही केलेलं विमान तिकडं उतरलं असं कळेपर्यंत मी चहा पीत नाही. घरी कोणाले माहीत नाही."

*

रविवारी रितिका खाप्याला गेली. प्रेमानंद घरी आला होता. कन्हान नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं घर, बाहेर निंबाखाली खाट, त्यावर तो उशीला टेकून बसला होता. बसमध्ये तिने काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं होतं. त्याची आई पाणी देऊन आत गेली तसं तिने सगळं एका दमात सांगितलं. बोटं दिसली ते, त्याने नाव घेतलं ते, ती मागे सरकली ते.

 प्रेमानंद स्वतःच्या हाताकडे पाहत होता.

"मी हात मागितला होता?"

"हो."

"मले आठवत नाही. मले एवढंच आठवते का मास्क ओढून काढावा वाटत होता. आणि वाटत होतं का कोणी नाही बाहेर. सगळे घरी गेले." तो थांबला. "त्याच्यानंतर भोंगा ऐकला का नाही, ते पण सांगता येत नाही."

"दादा, मी..."

"थांब. खरं सांगू का? तू हात दिला असता तर मले बरं वाटलं असतं. तिथं, त्या वेळी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "पण नाही दिला ते बरं केलं. तुझं डोकं आत अडकलं असतं तर बटण कोण दाबणार होतं वं?"

तिला रडू आलं. तो आईला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाला, "मी पण सांगून राहिलो तुले, मले भेव वाटते आता. पॅनलच्या त्या भोकात पुन्हा कसा जाऊ? ड्यूटीवर जायचं आहे पुढच्या हप्त्यात. अजून कोणाले बोललो नाही." 

"मॅडमले सांगा," ती म्हणाली.

"हाव. सांगतो." पण सांगेल असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. आईने पोह्यांच्या बशा आणल्या. त्याने आपली बशी मुकाट्याने, शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. तिने रुपरावांना सांगितलं. माणूस वाचवला वगैरे काही नाही, ती भ्याली होती, आणि कशाला भ्याली होती तेही सांगितलं. रुपराव ऐकत राहिले. पोरीचं कौतुक त्यांनी अर्ध्या तांडापेठेला सांगून झालं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि तिने मान खाली घातली.

"मग आता?" ते म्हणाले.

"मेकॅनिकल भरते. आणि त्या दुसऱ्या कागदावर खरं लिहून देते. होऊ शकते का उद्या कोणी नोकरीच देणार नाही."

"होऊ शकते," रुपराव म्हणाले. "आणि आत जावं लागलं तर?"

"माहीत नाही बाबा."

त्यांनी शटर अर्धं ओढलं, मग तिच्याकडे पाहून परत वर केलं.

सोमवारी तिने दोन्ही कागद दिले. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी दुसरा कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं, आणि तो फाईलमध्ये लावला. प्रेमानंदने पुढे मॅडमना सांगितलं. कसं आणि कधी ते रितिकाला कळलं नाही, पण त्याचं नाव टँकच्या यादीतून सहा महिने बाहेर होतं.

रितिका आता दुसऱ्या वर्षाला आहे. दर पंधरा दिवसांनी धंतोलीत एका डॉक्टर बाईंकडे जाते. त्यांच्या दवाखान्याला लिफ्ट आहे, चार मजल्यांची. गेल्या वेळी ती लिफ्टने दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. दार उघडलं तेव्हा तिचे दात वाजत होते, आणि उरलेले दोन मजले ती जिन्याने चढली. पुढच्या मे महिन्यात तिच्या वर्गाला रिकाम्या, धुतलेल्या टँकमध्ये शिरायचं प्रॅक्टिकल आहे. नाव द्यायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही. द्यायची शेवटची तारीख तिला पाठ आहे.